यंत्राला समुद्र, माणसाला सल्ला

दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका. तहान लागली नसली तरी पाणी प्या. सैल, सुती, फिकट रंगाचे कपडे घाला. मार्च संपत आला की हा मजकूर डहाणू तालुक्यातल्या चिंचणीतल्या प्रत्येक मोबाइलवर येऊन आदळतो. मजकुरात चूक काही नाही. पण बारा ते तीन या वेळेत घरात बसून तो वाचणारी माणसं इथे किती सापडतात, हे सल्ला पाठवणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

यावं आणि आधी मासे सुकवायच्या खळ्यावर उभं राहावं. बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या मांडवावर टांगलेले असतात. खाली जवळा पसरलेला असतो. बोंबलाला ऊन आणि वारा पुरतो. जवळ्याला सारखा हातही लागतो, कारण तो वेळच्या वेळी उलटला नाही तर वरून कडकडीत, खालून ओला राहतो आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणून खळ्यावरची बाई डोक्यावर पदर, पदरावर टॉवेल घेऊन भर दुपारी वाकून जवळा परतत असते. ऊन जेवढं कडक तेवढा तिचा माल चोख. तिला घरात बस म्हणणं म्हणजे आजची कमाई सोड म्हणणं आहे, आणि त्या कमाईची भरपाई सल्ल्याच्या कुठल्याच ओळीत नाही.

तिच्याच बाजूला थर्माकोलच्या पेटीत पापलेट बर्फावर असतं. असायलाच हवं, नासलं तर हजारोंचं नुकसान. मासा नासला की तो आकडा संध्याकाळी वहीत चढतो. बाई उन्हाने आजारी पडली तर तिचा आकडा कुणाच्याच वहीत चढत नाही, म्हणून तिच्यासाठी बर्फही येत नाही.

तिथून वाणगावच्या रस्त्याला लागा. हा पट्टा मिरचीचा, ढोबळी मिरचीचा. उन्हाने फूल गळू नये, फळावर डाग पडू नये म्हणून मिरचीवर शेडनेट ताणलेलं दिसेल. शेतकऱ्याने कर्ज काढून पिकाला सावली दिली, त्याचं कौतुकच आहे. पण त्याच मिरचीची पोती उचलून ट्रकमध्ये भरणारा माणूस उघड्यावर असतो आणि त्याच्या डोक्यावर ताणायला गावात चार मीटर नेट निघत नाही.

आणि खाडीपलीकडे तारापूर. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथे 1969 साली सुरू झालं. ते समुद्रकाठी आहे, कारण त्याला थंड ठेवावं लागतं. अणुभट्टीत जेवढी उष्णता तयार होते तिचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. बाकीची कुठेतरी सोडून द्यावी लागते, आणि इथे ती अरबी समुद्रात सोडली जाते. त्यासाठी समुद्राचं पाणी आत घ्यायची, फिरवायची आणि गरम झालेलं पाणी बाहेर सोडायची पक्की व्यवस्था आहे. 2005 आणि 2006 मध्ये 540 मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्या जागेसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. उत्तरेला डहाणूच्या खाडीकाठी 1995 पासून 500 मेगावॉटचं औष्णिक केंद्र उभं आहे. त्यालाही पाणी खाडीचंच.

म्हणजे या किनाऱ्याला थंड ठेवण्याचं शास्त्र अवगत आहे. पैसा आहे, अभियंते आहेत, अर्धशतकाचा अनुभव आहे. तापणाऱ्या वस्तूला थंड केलं नाही तर अनर्थ होतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ते ज्ञान माणसाच्या अंगापर्यंत पोहोचलेलं नाही. यंत्र तापलं तर आख्खा समुद्र धावतो. माणूस तापला तर व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ला येतो.

साधं एटीएम घ्या. काचेची खोली, आत एसी, पारा अठरावर. नोटा मोजणारं यंत्र गारव्यात, आणि ज्या म्हातारीची पेन्शन त्यात आलेली आहे ती बाहेर पायरीवर, पत्र्याच्या सावलीचा तुकडा शोधत. दोन खुर्च्या आत टाकायला किती खर्च येतो?

*

आता त्या सल्ल्याचीच झाडाझडती घेऊ, कारण त्यातला बराचसा भाग कोकणासाठी लिहिलेलाच नाही.

हवामान खात्याचा नियम असा आहे: मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश हवं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं, तर ती उष्णतेची लाट. किनाऱ्यावर 40 ऐवजी 37. शिवाय हे एका उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस दिसायला हवं. आमचा उपविभाग कोकण आणि गोवा, डहाणूपासून थेट काणकोणपर्यंत. डहाणूच्या वेधशाळेत 36 अंश नोंदले गेले की कागदावर लाट नसते. चंद्रपूर, ब्रह्मपुरीचे 45 पहिल्या पानावर येतात, यायलाच हवेत. डहाणूचे 36 आतल्या पानावरच्या कोष्टकात जातात आणि सगळ्यांना वाटतं, किनाऱ्यावरची मंडळी सुखात आहेत.

सुखात कसली. अंग थंड ठेवायचा शरीराकडे एकच मोठा उपाय आहे: घाम यावा आणि तो वाळावा. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. चिंचणीच्या हवेत आधीच एवढी वाफ असते की घाम येतो आणि वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम अंगातलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता तिथेच ठेवतो. म्हणून कोरड्या 42 मध्ये काम करणारा माणूस आणि दमट 36 मध्ये काम करणारा माणूस यांच्यात कुणाला जास्त धोका, हे नुसता पारा बघून सांगता येत नाही. बल्बला ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरने हवेचं तापमान आणि दमटपणा या दोन्हींचा एकत्रित परिणाम कळतो. त्या मापाने 35 ही माणसाच्या सहनशक्तीची शेवटची रेघ असं बरीच वर्षं धरलं जाई. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग करून 2022 मध्ये दाखवलं की दमट हवेत ती रेघ 31 च्या आसपासच येते. तरुण, धडधाकट माणसांची. साठीच्या मच्छीविक्रेतीची त्याहून खाली.

म्हणून ओले पडदे लावा, कूलर वापरा, हे नागपूरला सोळा आणे खरं असलेलं शहाणपण चिंचणीत आणू नका. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. जिथे हवा आधीच वाफेने भरलेली आहे तिथे तो खोलीत आणखी दमटपणा भरतो आणि विजेचं बिल तेवढं वाढवतो. माठाचंही तेच, वाळ्याच्या पडद्याचंही तेच. इथे उपयोग वाहत्या वाऱ्याचा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा, मधलं कपाट हलवा, पंखा लावा, अंग पुसत राहा. प्यायला काय, तर सरकारी सल्ल्यात ओडिशातली तोराणी आहे आणि आमच्या पाड्यांवरची नागलीची आंबील नाही. ताक आहे, लिंबूपाणी आहे, ठीक. पण उन्हात राबणाऱ्या वारली माणसाच्या पोटात शतकानुशतकं जी आंबील जाते तिचं नाव डहाणू-तलासरीच्या पत्रकात छापायला काय हरकत आहे? पत्रक आपलं वाटलं तर माणूस ते वाचेल.

आणखी एक. शाळेत सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. उन्हाळ्यात ज्या दिवशी पूर्वेकडचे कोरडे वारे जोर धरतात त्या दिवशी खारा वारा अडतो, दुपार होईस्तोवर येतच नाही, आणि तेवढ्या तासांत किनारा भाजून निघतो. हा दिवस आदल्या दिवशी ओळखता येतो. खाडीतल्या मच्छीमाराला तो अंगावरच्या वाऱ्यानेही कळतो. आणि तलासरी, उधवा, कासा, सायवनचं काय? तिथे खारा वारा पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. पेपरात छापलेला डहाणूचा आकडा समुद्राजवळच्या वेधशाळेचा असतो. तो वाचून सायवनच्या माणसाचा उन्हाळा ठरवू नका. तिथल्या प्रत्येक आश्रमशाळेत एक साधा थर्मामीटर टांगा आणि रोज दुपारी दोनचा आकडा मुलांना फळ्यावर लिहू द्या. विज्ञानाचा तास तिथेच होईल.

खिशातल्या कांद्याचंही सांगतो. कांदा खा, भाकरीबरोबर छान लागतो. खिशात ठेवल्याने ऊन लागायचं थांबत नाही. त्या भरवशावर दुपारी मोटारसायकल काढू नका.

*

मे महिन्यात सत्काराला शाल देण्याची प्रथा बंद करा. आज, या आठवड्यापासून. हॉलमध्ये पत्रे तापलेले, पंखे गरगरत उष्ण हवाच फिरवत असलेले, आणि सत्तरीच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या खांद्यांवर लोकरी शाल. त्यावर हार, हातात नारळ, मग फोटोसाठी तसंच उभं राहायचं. ज्या माणसाचा मान करायचा त्याला एवढं शिजवायचं कशाला? सुती पंचा द्या. एक झाड द्या. काहीच दिलं नाही आणि भाषण दहा मिनिटांत आटोपलं तरी तो सत्कार लोक वर्षभर आठवतील.

लग्नांचंही तेच. साडेबाराचा मुहूर्त, नवरा मुलगा कोटात, वरात तापलेल्या डांबरावर, डीजेच्या गाडीला जनरेटर, आणि अक्षता थांबल्यात कारण कुणी पुढारी अजून पोहोचायचे आहेत. मांडवातली लहान पोरं लालबुंद झालेली असतात. गोरज मुहूर्त आपल्याच पंचांगात आहे, आपल्याच आजोबांनी वापरलेला आहे. संध्याकाळचा खारा वारा फुकट आहे. तो सोडून दुपारी लग्न लावायचा हट्ट कुणाचा, हे प्रत्येक घरातल्या थोरांनी ठरवावं.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं नाही, कारण सत्कार आणि ऊन एकत्र आले की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. 16 एप्रिल 2023, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा. लाखो श्रीसदस्य, म्हणजे सत्कारमूर्तींचे अनुयायी, उघड्या मैदानात तासन् तास शिस्तीत बसून होते. व्यासपीठावर छत होतं. नवी मुंबईचा पारा त्या दिवशी 38 च्या आसपास होता, विदर्भाच्या मानाने कमीच. दमट हवा, डोक्यावर ऊन, उठून जायला वाट नाही. उष्माघाताने 14 माणसं गेली. श्रद्धेने आलेली माणसं, घरी परत जायच्या हिशेबाने डबा बांधून आलेली. त्यानंतर सरकारने जाहीर केलं की उन्हाळ्यात दुपारी 12 ते 5 उघड्यावर सरकारी कार्यक्रम घेऊ नयेत. चांगला नियम. तो लिहायला चौदा प्रेतं लागावीत याचा राग मला आजही आहे आणि तो विझावा असं वाटत नाही. पुढच्याच वर्षी 20 मे 2024 ला पालघर लोकसभेचं मतदान झालं. पुन्हा मे, पुन्हा किनारा. निवडणुकीचं वेळापत्रक ठरवणाऱ्या माणसांच्या टेबलावर हवामानाचा तक्ता असतो की नाही?

*

घरांकडे येतो, कारण खरा मार तिथे बसतो. दिवसभर उन्हात राबलेलं शरीर रात्री थंड झालं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन ते सोसू शकत नाही. उष्णतेच्या लाटेत माणसं दुपारी खचतात हे जेवढं खरं, तेवढंच रात्री झोप न लागल्याने खचतात हेही खरं.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचं जुनं घर बघा. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला माती-शेणाचा लेप, वर पेंढ्याचं किंवा पानांचं जाड शाकारलेलं छप्पर, पुढे खाली झुकलेली पडवी. त्या कुडात हवा आरपार खेळते. पेंढा तापतो पण उष्णता आत सोडत नाही. भिंत जाड नसल्यामुळे रात्र झाली की घर लगेच निवतं. अंगणात उन्हाळ्यापुरता पानांचा मांडव, त्याखाली बाजलं. वारल्यांनी हे शास्त्र कुठल्या विद्यापीठात मांडलं नाही, त्यात ते राहिले.

त्याच कुडावर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने काढलेलं चित्र जगभर गेलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2014 मध्ये वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं. चित्र विमानतळांच्या भिंतींवर पोहोचलं, आणि ज्या भिंतीवर ते जन्मलं ती भिंत आम्ही मागासलेली म्हणून पाडतो आहोत. घरकुल योजनेत सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार रुपयांचं मूळ अनुदान आणि किमान 25 चौरस मीटरचं घर. तेवढ्या पैशात काय उभं राहतं? ठेंगणी खोली, वर पत्रा किंवा पातळ स्लॅब, एक खिडकी. पावसाळ्यात ते कोरडं राहतं, साप-विंचवापासून राखतं, आणि बाईला दरवर्षी छप्पर शाकारण्यातून सोडवतं. म्हणून लोकांना ते हवं आहे आणि त्यांची मागणी रास्त आहे. पण एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत रात्री झोपता येत नाही. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत राहतो. माणसं पक्क्या घराला कुलूप लावून बाहेर मांडवात झोपतात.

पक्कं घर द्या आणि थंड द्या. दोन्ही एकत्र होतं. छप्पर दोन हात उंच करा, समोरासमोर दोन खिडक्या सोडा, पुढे पडवी काढा, पत्र्याखाली बांबूची चटई किंवा पेंढ्याचा थर घाला. आणि स्लॅबवर पांढरा चुना मारा. हा शेवटचा उपाय तर कुणीही या रविवारी करू शकतो. आपल्या सीमेपलीकडच्या गुजरातेत, अहमदाबादमध्ये मे 2010 च्या लाटेत पारा 46.8 पर्यंत गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. शहराने ते आकडे लपवले नाहीत. 2013 मध्ये दक्षिण आशियातली पहिली उष्णता कृती योजना तिथे आली: रंगाचे इशारे, दवाखान्यांना प्रशिक्षण, पाण्याची सोय, आणि पुढे झोपडपट्ट्यांच्या छपरांवर पांढरा रंग. अच्छाडच्या नाक्यावरून रोज शेकडो ट्रक तिकडून इकडे येतात. त्यातल्या एखाद्यात ती योजनाही येऊ द्या.

एसीबद्दल थोडक्यात. ज्याला परवडतो त्याने लावावा, विशेषतः घरात आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तर. पण 18 वर लावून वर गोधडी घेणाऱ्यांनी ती गोधडी आधी धुवायला टाकावी. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. म्हणूनच 2020 पासून स्टार लावलेले एसी सुरू करताना 24 वर येतात. तो आकडा खाली ढकलायला रिमोट हातात घेऊ नका. तुमच्या खोलीतली उष्णता नाहीशी होत नसते, ती बाहेरच्या डब्यातून शेजाऱ्याच्या खिडकीत जाते. शेजारी पत्र्याखाली राहतो.

*

सावलीचं म्हणाल तर चिंचणी मुळात श्रीमंत गाव. किनाऱ्यावर सुरू, वाड्यांत चिकू आणि आंबा, बांधावर ताड. शनिवार-रविवारी मुंबईची गाडी सुरूच्या सावलीत उभी राहते, काचा बंद, इंजिन सुरू, आत एसी, आतले चौघे मोबाइलवर. समुद्र पन्नास पावलांवर आहे. खाली उतरा! निदान इंजिन बंद करा, बाजूला ताडगोळे सोलणाऱ्या बाईच्या तोंडावर तुमचा धूर जातोय. तिच्याकडून डझनभर ताडगोळे घ्या, घासाघीस न करता. उन्हात तिने त्या गोळ्यांवरची सालं नखांनी काढलेली असतात.

गावातला एसटीचा निवारा बघा. तीन बाजूंनी बंद, वर पत्रा, आत लोखंडी बाक. निधी कुणाचा त्या नावाची पाटी एवढी मोठी की वारा येण्याची उरलेली फटही तिने बुजवली. दुपारी आत बसवत नाही, म्हणून प्रवासी समोरच्या दुकानाच्या वळचणीला उभे राहतात. त्या निवाऱ्याच्या जागी एक करंज लावला असता तर पाच वर्षांत फुकट सावली मिळाली असती. पाणपोईचं उद्घाटन चैत्रात होतं, फोटो निघतो, आणि वैशाखात रांजणाच्या तळाशी धूळ असते. उद्घाटनाला हजर असलेल्या प्रत्येकाने आठवड्यातला एक दिवस रांजण भरण्याचा वाटून घ्यावा, नाहीतर फोटोत उभं राहू नये.

सूर्या नदीचीही आठवण करून देतो. भरपूर पाणी प्या म्हणता, ते कुठलं? सूर्येवरच्या धामणी धरणाचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला दररोज 403 दशलक्ष लिटर नेण्याची योजना आखली गेली. शहरांना पाणी लागतंच, त्यांचा हेवा नाही. पण ज्या तालुक्यांच्या शेतीसाठी आणि पाड्यांसाठी ते धरण बांधलं त्यांच्या बायका मे महिन्यात हंडा घेऊन उताराला लागलेल्या दिसतात, तोवर त्यांना 'तहान नसली तरी प्या' असा संदेश पाठवू नका.

आणि मुलं. 2025 च्या मार्चअखेर शिक्षण विभागाने राज्यभर सकाळच्या शाळेचा आदेश काढला, ते योग्य केलं. त्याच वर्षी परीक्षा 25 एप्रिलपर्यंत ताणल्या. सकाळची शाळा सुटते तेव्हा ऊन चढलेलं असतं आणि पाड्यावरचं पोर दोन-तीन किलोमीटर अनवाणी घरी जातं. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये इथेच, बोर्डीला, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, झाडाखाली. अनुताई वाघांनी ते काम पुढे नेलं. मुलाच्या दिवसाकडे बघून शाळा बदलायची असते, हा धडा देशाला याच तालुक्याने दिला. त्या तालुक्यातल्या मुलांच्या परीक्षा मार्चमध्ये संपवण्याची मागणी इथूनच जायला हवी.

कामगारांसाठी कायदे नव्हते असंही नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने 250 हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याचं पाणी गार करून देणं बंधनकारक केलं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या शेडमधल्या वीस कामगारांना तहान कमी लागते का? 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पाणी, मुलांना सावली, विश्रांती, प्रथमोपचार पेटी हे सगळं लिहून ठेवलं. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला हे कोण वाचून दाखवणार? वाढवणच्या समुद्रात 1448 हेक्टर भराव घालून सुमारे 76 हजार कोटींचं बंदर बांधायची तयारी झाली. त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक मासळी खळ्यावर एक सावलीची शेड आणि पाण्याची टाकी बांधायला त्या रकमेच्या मागची शून्यंसुद्धा लागणार नाहीत.

*

एक गोष्ट मात्र कुणाची वाट न बघता शिकून घ्या. उन्हात माणूस बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. 108 ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. आधी थंड करायचं, मग हलवायचं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला. काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही. आणि बर्फ कुठून आणायचा हा प्रश्न मच्छीमार गावात कुणी विचारू नये. पापलेटाची पेटी उघडा. मासा अर्धा तास थांबेल.

1 मे रोजी महाराष्ट्रभर ग्रामसभा होतात. चिंचणीची होईल, वरोरची होईल, तलासरीच्या गावांची होईल. विषयपत्रिकेवर या वेळी ऊन घ्या. खळ्यावर शेड, बाजारात सावली, पाणपोईची जबाबदारी नावानिशी, घरकुलाला पडवी, आरोग्य केंद्रात बर्फ आणि पंखा लावलेली एक खाट, आणि उघड्यावरच्या मजुरीची वेळ सकाळी सहा ते अकरा व संध्याकाळी चारनंतर, मजुरी पूर्ण. ग्रामसभेची नोटीस लागेल तेव्हा वरची वेळही वाचा. अकराची लिहिलेली असेल तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन ती साडेसातची करून घ्या.